आयाळ कुणीकडे पाडायची?

लग्नघरात कामांची वाटणी होते, त्या दिवशी माणसाला आपली समाजातली खरी पत कळते. बँकेत बावीस वर्षं दुसऱ्यांची पत तपासण्यात गेल्यामुळे मला हे जरा जास्तच जाणवतं. मेव्हण्यांच्या मुलाचं लग्न ठरलं, वाशीतला हॉल ठरला आणि बैठक बसली. आहेराची वही थोरल्या साडूंकडे गेली, जेवणाची व्यवस्था धाकट्या साडूंकडे. दागिन्यांची पिशवी आमच्या सौभाग्यवतींकडे. मी बी. कॉम. झालेला असल्यामुळे निदान पाकिटं मोजायचं काम आपल्याकडे येईल, अशी माझी समजूत होती. मेव्हण्यांचं बोट यादीवरून खाली खाली सरकत गेलं आणि अगदी शेवटच्या ओळीवर थांबलं.

"तुम्ही घोडा बघा," ते म्हणाले.

"मी?"

"अहो, तुम्हाला अनुभव आहे ना घोड्याचा!"

हा अनुभव म्हणजे लग्नानंतरचं माथेरान. ठाण्याचे कलेक्टर मॅलेटसाहेब १८५० साली त्या डोंगरावर चढले आणि त्यांनी मुंबईकरांसाठी थंड हवेची जागा शोधून काढली. माथेरानात मोटारींना बंदी असल्यामुळे तिथे अजूनही लोक घोड्यावरून फिरतात. त्या घोड्यावर मी बसलो होतो हे खरं. पण कुठे जायचं, किती वेगानं जायचं आणि कुठे थांबून गवत खायचं, हे सर्व निर्णय घोड्याने घेतले होते. मी फक्त पैसे दिले होते. एवढ्या भांडवलावर माझी 'घोड्याचा माणूस' अशी ख्याती झाली.

लग्नाच्या दिवशी चार वाजता घोडा आला. ती घोडी होती. पांढरीशुभ्र, मोठ्या डोळ्यांची, आमच्या मंडळींपैकी बऱ्याच जणांपेक्षा शांत. तिच्याबरोबर साठीच्या घरातले एक मामा होते. गेटवरच्या रखवालदाराने सवयीने पार्किंगचं स्टिकर विचारलं. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि खाडीपलीकडे हे आखीवरेखीव शहर उभं राहिलं. सेक्टर झाले, स्टेशनं झाली, बाजार झाले. पण घोडा कुठे उभा करायचा याचा विचार कुठल्या नकाशात केलेला माझ्या तरी पाहण्यात नाही. शेवटी दोन मोटारींच्या मधल्या जागेत घोडी उभी राहिली. दोन्ही मोटारींपेक्षा सरळ उभी राहिली.

तेवढ्यात फोटोग्राफर आला. त्याने घोडीकडे डोळे बारीक करून पाहिलं आणि म्हणाला, "काका, हे केस जरा सेट करून घ्या ना. फ्रेममध्ये फार विस्कटलेलं दिसतंय."

तोवर माझं आयाळीकडे लक्षच गेलं नव्हतं. आता गेलं, आणि मला कापरं भरलं. कानांमागचा एक भाग डावीकडे पडला होता. मानेच्या मधला भाग, कुठलाच पक्ष पसंत नसल्यासारखा, ताठ उभा होता. खांद्याजवळचा भाग उजवीकडे होता आणि त्यात गवताच्या दोन काड्या होत्या. मी खिशातून कंगवा काढला. (माझ्या डोक्यावरचे केस गेले, पण कंगवा बाळगायची सवय गेली नाही. काही खाती बंद झाली तरी पासबुक घरात राहतं, तसं.) आयाळीत कंगवा घातला आणि तो तिथेच राहिला. घोडीने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. अर्ज अपुरा भरलेल्या खातेदाराकडे आम्ही काउंटरच्या आतून जसं पाहतो, अगदी तसं.

पुढे काय झालं ते सांगतो; पण आधी थोडा इतिहास. या प्रसंगानंतर मी महिनाभर वाचनालयात बसून आयाळीचा प्रश्न धसाला लावला, आणि माझी खात्री झाली की माणसाने घोड्यावर राज्य केलं, घोड्याच्या मदतीने माणसांवर राज्य केलं, पण घोड्याच्या केसांवर निर्विवाद राज्य कुणालाच करता आलेलं नाही.

सुरुवात भाषेपासून. संस्कृतात केसर म्हणजे आयाळ. आयाळ असलेला तो केसरी. कोशात केसरीचा एक अर्थ घोडा असाही आहे. पण व्यवहारात ही पदवी सिंहाने पटकावली. १८८१ साली पुण्यात जे वर्तमानपत्र निघालं, त्याचं नाव वाचून कुणाच्या डोळ्यांसमोर घोडा आला नाही. घोड्याच्या वाट्याला आला तो केशी. हा कंसाने पाठवलेला घोड्याच्या रूपातला राक्षस, नावच मुळी केसांवरून पडलेलं. कृष्णाने त्याला मारलं, आणि म्हणून तो केशव, अशी एक व्युत्पत्ती पुराणं सांगतात. म्हणजे दांडग्या आयाळीचा बंदोबस्त करणारा पहिला पुरुष साक्षात देव होता. त्यालाही ती विंचरणं जमलं नसावं. त्याने सरळ घोडाच निकालात काढला. आदिपर्वात कद्रू आणि विनता या दोघी सवतींनी उच्चैःश्रव्याच्या शेपटीच्या रंगावरून पैज लावली. कद्रूच्या सर्पपुत्रांनी शेपटीला लटकून ती काळी भासवली आणि विनता दासी झाली. घोड्याच्या केसांना हात लावताना जपून राहावं, असा याचा अर्थ मी घेतला.

परदेशात हा विषय अधिक पद्धतशीर हाताळलेला दिसतो. ग्रीक सेनानी झेनोफन याने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात घोडेस्वारीवर एक पुस्तक लिहिलं. त्याचा सल्ला साधा आहे : कपाळावरची झुलपं, आयाळ आणि शेपूट पाण्याने धुवा आणि वाढू द्या. झुलपांनी घोड्याच्या डोळ्यांचं रक्षण होतं आणि आयाळ स्वाराला धरायला उपयोगी पडते. चढणीवर घोडा उडी घेतो तेव्हा स्वाराने आयाळ धरावी, म्हणजे लगामाचा हिसका घोड्याच्या तोंडाला बसत नाही. याच झेनोफनने एक गमतीची गोष्ट नोंदवली आहे. घोडीला आपल्या आयाळीचा इतका अभिमान असतो, की ती आहे तोवर घोडी गाढवाला जवळ येऊ देत नाही. म्हणून खेचरांची पैदास करणारे लोक आधी घोडीची आयाळ कापून टाकतात. हे शास्त्राला कितपत धरून आहे ते पशुवैद्य सांगतील. पण ज्याचे केस गेले आहेत, त्याला यातलं मानसशास्त्र समजावून सांगावं लागत नाही.

आता मुख्य मुद्दा : आयाळ कुणीकडे पाडायची? रोमन कवी व्हर्जिलने उत्तम घोड्याचं वर्णन करताना दाट आयाळ उजव्या खांद्यावर पडलेली असावी असं म्हटलं आहे. पुढे इंग्रजांच्या घोडदळातही उजवी बाजू शिष्टसंमत झाली. कारण असं सांगतात, की तलवार उजव्या हाताने उपसायची म्हणून ती डाव्या कमरेला. ती मध्ये येऊ नये म्हणून घोड्यावर चढायचं डावीकडून. आणि चढताना केसांचा गुंता नको म्हणून आयाळ उजवीकडे. साहेबाच्या राज्यात सगळ्याला कारण असतं. घोड्याला मात्र यातलं काही सांगितलेलं नसतं. कुणाची आयाळ निसर्गतः डावीकडे पडते, कुणाची उजवीकडे, आणि कुणाची, आमच्या घोडीसारखी, दोन्हीकडे. गाढवाची आणि झेब्र्याची तर उभीच राहते. त्यांना कुणी लग्नात बोलावत नाही, म्हणून चालून जातं.

आपल्याकडे पाहू. मराठ्यांचा इतिहास घोड्याच्या पाठीवर लिहिला गेला, हे वाक्य आपण शाळेत इतक्या वेळा लिहिलं आहे की त्या पाठीला खरारा कोण करत होतं, हे विचारायचं राहून गेलं. कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरीत शिवाजी महाराजांच्या पागेची बांधणी दिली आहे. ती वाचताना बँकेतल्या माणसाचे हात आपोआप जोडले जातात. पंचवीस बारगिरांमागे एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमल्यांवर एक हजारी. जुमलेदाराला सालिना ५०० होन. आणि पंचवीस घोड्यांमागे एक पखालवाला आणि एक नालबंद. पाणी आणि नाल यांच्यासाठी मंजूर पदं आहेत. आयाळीसाठी नाही. म्हणजे ते काम, आमच्या शाखेत कुणाच्याच कामांच्या यादीत नसलेली कामं जशी होतात, तसं कुणीतरी मुकाट्याने करत असणार. तो मोतद्दार. घोड्याचं ठाण झाडायचं, चंदीचा तोबरा बांधायचा, खरारा करायचा आणि गुंता सोडवायचा, हे त्याचं काम. बखरीत त्याच्या पगाराचा आकडा मला दिसला नाही.

बारगीर आणि शिलेदार हा फरकही समजून घेण्यासारखा आहे. बारगिराला घोडा सरकारी. शिलेदाराचा घोडा स्वतःचा. घोडा मेला तर शिलेदाराचं सगळं भांडवलच मेलं. म्हणून तो त्याला जिवापाड जपायचा, आणि म्हणूनच ऐन लढाईत तो घोडा फार पुढे घालत नाही, असाही त्याच्यावर आक्षेप असे. महाराजांनी सरकारी पागेवर भर दिला त्यामागे हे गणित होतं. पण सरकारी मालाची काळजी कुणालाच नसते, हेही त्यांना ठाऊक होतं. राज्याभिषेकाच्या सुमारास, १६७४च्या आसपास, चिपळूणजवळच्या छावणीतल्या अंमलदारांना त्यांनी लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. दाणा आणि वैरण आत्ताच उधळली तर भर पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील, रयतेच्या काडीलाही हात लावू नका, आणि रात्री दिवे जळते ठेवू नका. कारण उंदीर पेटती वात ओढून नेईल, गवताला आग लागेल आणि घोडी जातील, अशी ताकीद त्यात आहे. ज्या राजाला वातीचा उंदीर दिसत होता, त्याच्या पागेत आयाळीचा गुंता फार दिवस राहिला नसेल, असं मला आपलं वाटतं.

ते घोडेही दिसायला काही चित्रातले नव्हते. भीमेकाठचं भीमथडी तट्टू बुटकं, काटक, मिळेल ते खाऊन मजल मारणारं. त्याच्या मानेवर रेशमी लाटा उसळत नसत. पण आज राज्यगीतात जागा आहे ती त्यालाच. साम्राज्य गेलं, पागा मोडल्या आणि मागे आडनावं उरली : पागे, पागनीस, शिलेदार, चाबुकस्वार, नालबंद. भीमथडीचं तट्टू जगवलं ते मेंढरांमागे कोकणापर्यंत भटकणाऱ्या धनगरांनी, बिऱ्हाड वाहायला. अलीकडेच कर्नालच्या राष्ट्रीय संस्थेने त्याची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली. मराठ्यांच्या घोड्याला सरकारी कागदावर यायला इतकी वर्षं लागली. आमच्याकडे कर्जाचा अर्ज यापेक्षा लवकर निकालात निघतो.

साहेबाने मात्र आयाळ मनावर घेतली. एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरात आखातातून अरबी घोडे उतरत, ऑस्ट्रेलियातून वेलर येत. १८८३ साली महालक्ष्मीचं रेसकोर्स सुरू झालं. घोडा आता नुसता धावून चालेना. त्याला टापटीप हवी झाली. आयाळीचे तीन प्रकार रूढ झाले. एक, पातळ करणे : लांब केसांच्या बारीक बटा कंगव्याला गुंडाळून उपटायच्या. दोन, वेण्या : मानेवर ओळीने लहान लहान वेण्या घालून त्यांच्या गाठी बांधायच्या. तीन, भादरणे : पोलोच्या घोड्यांची आयाळ पार काढून टाकतात, म्हणजे काठी आणि लगाम तिच्यात अडकत नाहीत. घोड्यावरून चेंडू खेळणं आपल्याला नवीन नव्हतं. कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराने बाराव्या शतकात 'मानसोल्लासा'त तशा खेळाचं वर्णन केलं आहे. भादरताना काही लोक खांद्यापाशी एक झुपका मुद्दाम ठेवतात, स्वाराला धरायला. झेनोफन तिथेही डोकं वर काढतोच.

कधीच न विस्कटणारी आयाळ पाहायची तर भायखळ्याला जावं. राजपुत्र एडवर्ड १८७५-७६ मध्ये हिंदुस्थानात येऊन गेला. त्याचा अश्वारूढ पुतळा आल्बर्ट ससून यांनी मुंबईला दिला आणि १८७९ साली तो उभा राहिला. लोकांनी राजपुत्राकडे दुर्लक्ष करून त्या जागेला काळा घोडा म्हटलं. १९६५ साली पुतळा हलवला. तो आता जिजामाता उद्यानात आहे. २०१७ साली त्या चौकात नवा काळा घोडा उभा राहिला. या वेळी पाठीवर कुणीच नाही. साहेब गेला, घोडा राहिला. मुंबईच्या रस्त्यावरचे जिवंत घोडे मात्र गेले. व्हिक्टोरिया बंद कराव्यात असा निकाल २०१५ साली उच्च न्यायालयाने दिला. घोड्यांचे हाल होत होते हे खरंच होतं. आता घोडा भेटतो तो लग्नात.

तर लग्नात परत येऊ. साडेपाच वाजले होते. मी कंगवा सोडवायच्या खटपटीत असताना मेव्हणे आले. त्यांनी फोटोग्राफरचं ऐकून घेतलं, घड्याळ पाहिलं आणि मेकअपवालीकडून कात्री मागवली.

"मधले उभे केस कापून टाका. दोन मिनिटांचं काम."

मामांनी घोडीच्या मानेवर हात ठेवला. "न्हाई सायेब. कात्री न्हाई लागायची."

"अहो मामा, केसच आहेत. येतील पुन्हा."

"येतील की. दोन वर्सं लागतील. तवर माशा कुनी हाकायच्या? आन् मधनंच कापलेली घोडी लग्नाला कोन लावतंय? माझा हंगाम जाईल."

"मग पैशातून वजा होतील, सांगून ठेवतो," मेव्हणे म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "तुम्ही काय ते ठरवा. घोडा तुमच्याकडे आहे."

वाचकहो, बावीस वर्षांत मी एकही निर्णय घेतलेला नाही. कागद खालून येतो, मी सही करतो आणि वर पाठवतो. वरून आला की खाली पाठवतो. इथे वर कुणी नव्हतं. खाली मामा होते, आणि त्यांच्या हाताखाली ती पांढरी मान. मी कात्री घेतली. सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी ती खिशात घातली आणि म्हणालो, "मामा, अर्ध्या तासात काय करता येईल?"

"पानी द्या आन् गप ऱ्हावा," मामा म्हणाले.

मी बादली आणली. मामांनी आधी माझा कंगवा, एक केसही न तोडता, सोडवून मला परत दिला. मग आयाळ पाण्याने भिजवली. गुंता टोकाकडून सोडवत वर वर नेला. "मुळाकडनं वढायचं न्हाई. तिला दुखतंय, मग ती बी ध्यानात ठेवती." उभे राहिलेले केस ओल्या हाताने उजवीकडे नेऊन त्यांनी सैल तीन पेडी वेण्या घातल्या आणि त्यांच्या टोकांना घरून आणलेले लाल गोंडे बांधले. मी गोंडे धरायचं काम केलं. हात चालू असताना ते बोलत होते. गाव भीमेकाठचं. बापाची मेंढरं, आणि बिऱ्हाडाला दोन तट्टं. "त्येंना कधी येनी घातली न्हाई. पर रोज हात फिरवायचा बाप. म्हनायचा, हात फिरला की कुटं काय लागलंय ते कळतं." खांद्याजवळची हातभर आयाळ मात्र त्यांनी तशीच मोकळी सोडली.

"ही राहिली ना," मी म्हणालो.

"ऱ्हाऊ द्या. धरायला लागती."

फोटोग्राफर खूश झाला. नवरदेव चढला, डावीकडूनच. त्याच्या कमरेला भाड्याची तलवार होती. वरात हॉलच्या गेटापर्यंत आली आणि घोडीच्या कानाशी एकदम सहा ढोल वाजले. घोडी दोन पावलं बाजूला उडाली. फेटा घसरला, तलवार लटकली, नवरदेव एका अंगाला कलला. आमचे वहिनीसाहेब किंचाळल्या. मामा लगाम धरून एवढंच ओरडले, "आयाळ धर, पोरा!" त्याने दोन्ही मुठींत ती हातभर मोकळी आयाळ धरली आणि तो राहिला. मामांनी घोडीच्या कानात काहीतरी सांगितलं, तीही राहिली. ढोल थांबवले ते मी. त्या दिवशीचा माझा दुसरा निर्णय.

अल्बममध्ये स्टेजवरचे चारशे फोटो आहेत, सगळे एकसारखे. घरात लावला आहे तो एकच : फेटा कानावर, डोळे विस्फारलेले आणि मुठीत पांढरी आयाळ. फोटोग्राफरच्या म्हणण्याप्रमाणे त्यात फ्रेम चुकली आहे.

रात्री हिशेब झाला. मेव्हण्यांनी घोड्याच्या रकमेसमोर पेन्सिलीने वजाबाकी करून ठेवली होती. मी ती रबराने खोडली, पूर्ण रक्कम लिहिली, आणि खाली 'किरकोळ' या खात्यावर थोडी भर घातली. मेव्हण्यांनी पाहिलं, काही बोलले नाहीत. आपला मुलगा कशाला धरून बसला होता, ते त्यांनीही पाहिलं होतं.

पैसे द्यायला खाली गेलो तेव्हा मामा दोन मोटारींच्या मध्ये उभे राहून एकेक वेणी सोडत होते.

"इतकी मेहनत केलीत, राहू द्यायच्या की सकाळपर्यंत," मी म्हणालो.

"बांधून ठिवलं की झोप येत न्हाई तिला. मान घासती रातभर."

शेवटचा गोंडा सुटला. घोडीने मान झटकली आणि आयाळ आपल्या जागी गेली : थोडी डावीकडे, थोडी उजवीकडे, मधली उभी. मला एकदम बरं वाटलं. खिशात हात घातला तर दोन वस्तू लागल्या, कंगवा आणि कात्री. कात्री मी मेकअपवालीला परत केली. कंगवा मामांना देऊ केला. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला, माझ्या डोक्याकडे पाहिलं, आणि काही न विचारता ठेवून घेतला.